मी जातो, मी जाते

माझ्या धाकट्या बहिणीने २०२३ सालच्या जानेवारीत, वयाच्या ६१ व्या वर्षी, आमच्या गावात हॅम्लेटची भूमिका केली. हॅम्लेटच्या आईची नव्हे, हॅम्लेटची. वसईच्या किनारपट्टीवरच्या गावांना नाटकाचे वेड जुनेच आहे. सणाचे दिवस आले की मांडव पडतो, वर्गणी गोळा होते, आणि एरवी केळीच्या वाडीत पाण्याचा पाट वळवणारा माणूस रात्री राजाच्या पोशाखात उभा राहतो. तेव्हा नाटक होणार याचे कोणाला नवल नव्हते. नवल होते ते पात्रयोजनेचे. कार्यकारी मंडळातील एका सद्गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत विचारले, "इतके तरणेबांड मुलगे गावात असताना राजपुत्राचं काम म्हातारीनं का करायचं?" प्रश्न एकच होता, पण त्यात आक्षेप दोन होते, एक वयाचा आणि दुसरा बाईपणाचा. त्यांतील वयाचे उत्तर माझ्यापाशी तयार होते. इंग्लंडमध्ये इयन मकेलन यांनी २०२१ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी हॅम्लेट रंगवला होता. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मात्र मला १९७९ सालापासून देता आलेले नव्हते.

त्या वर्षी आम्ही काही तरुणांनी एका स्पर्धेसाठी हॅम्लेटचे चार प्रवेश बसवले होते. मी २२ वर्षांचा होतो आणि नायक अर्थातच मी होतो. बहीण १७ वर्षांची, तिच्याकडे प्रॉम्प्टिंग. तालमीला महिना उलटला तेव्हा अशी स्थिती होती की वही माझ्यापाशी असे आणि नाटक तिला पाठ असे. एकदा मी तालमीला उशिरा पोचलो, तर ती माझ्या जागी उभी राहून माझे स्वगत म्हणत होती आणि बाकीची मंडळी जमिनीवर बसून निमूटपणे ऐकत होती. मला पाहताच ती ओशाळून बाजूला झाली. तिच्या तोंडून ते स्वगत माझ्यापेक्षा चांगले निघत होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही आहे असे त्या काळी कोणालाही वाटले नसते, अशी पळवाट आज मला काढता येईल. पण मला कळले होते, हे खरे.

स्पर्धेच्या रात्री आईच्या महालाकडे निघण्याच्या वाक्यापाशी मी अडलो. विंगेतून बहिणीची कुजबुज आली. घाबरल्यामुळे असेल, किंवा ती भूमिका तिच्या अंगात मुरल्यामुळे असेल, क्रियापद तिच्या तोंडून तिचेच निघाले. आणि गोंधळलेल्या मी ते जसेच्या तसे उच्चारले. डेन्मार्कचा राजपुत्र भर रंगमंचावर म्हणाला, "मी आलेच, आई!" पुढची दोन मिनिटे सभागृह हसत होते. घरी परतल्यावर मी तिला इतके बोललो, की वडिलांनी मध्ये पडून मला गप्प केले. पुन्हा ती कोणत्याही नाटकाच्या विंगेत उभी राहिली नाही.

मंडळातील त्या सद्गृहस्थांसाठी म्हणून मी नंतर बरेच वाचले. त्यांनी ते ऐकून घेतले नाही, ही गोष्ट निराळी. सारा सिडन्स ही इंग्रजी रंगभूमीवरील थोर शोकनटी अठराव्या शतकात हॅम्लेट करीत असे. मात्र लंडनबाहेरच्या रंगमंचांवर, राजधानीत कधीच नाही. या एका तपशिलात बरेच काही आले. शार्लट कुशमन ही अमेरिकन नटी १८४५ साली लंडनमध्ये रोमिओ झाली, आणि ज्युलिएट होती तिची सख्खी बहीण सुझन. सारा बर्नहार्टने १८९९ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या नाट्यगृहात हॅम्लेट उभा केला तेव्हा ती ५४ वर्षांची होती. त्यासाठी तिने गद्य फ्रेंच भाषांतर मुद्दाम करवून घेतले होते. पुढच्याच वर्षी त्यातील तलवारयुद्धाची छोटीशी चित्रफीतही निघाली. ती मी भाच्याच्या मोबाइलवर पाहिली. काळ्या पोशाखातील एक ठेंगणी आकृती तलवार चालवते आणि कोसळते, एवढेच तीत आहे. पण ती आकृती बाई आहे की पुरुष, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात फार काळ टिकत नाही. लंडनला मात्र मॅक्स बीअरबोम या टीकाकाराने तिच्या प्रयोगावरील लेखाला 'हॅम्लेट, डेन्मार्कची राजकन्या' असे खोचक शीर्षक दिले होते.

त्या टीकाकाराची थट्टा १९२१ च्या एका जर्मन मूकपटाने मात्र गंभीरपणे घेतली. आस्टा नील्सन या डॅनिश अभिनेत्रीच्या त्या चित्रपटात हॅम्लेट खरोखरच मुलगी आहे. राजा रणात पडल्याची वार्ता येते, गादीला वारस हवा म्हणून राणी नुकत्याच जन्मलेल्या मुलीला मुलगा म्हणून जाहीर करते, राजा पुढे जिवंत परततो, पण उच्चारलेले असत्य मागे घेता येत नाही. हॅम्लेटची सारी घालमेल त्या एका गुपितातून उगवते आणि मरणानंतरच होरेशिओला सत्य कळते. म्हणजे मार्ग दोन झाले. बर्नहार्टचा मार्ग असा, की बाईने राजपुत्राची भूमिका करावी आणि राजपुत्र राजपुत्रच राहावा. नील्सनचा असा, की राजपुत्रच बाई व्हावा. अलीकडे, २०१४ साली, मँचेस्टरला मॅक्सीन पीक हिने हॅम्लेट केला, तेव्हा पोलोनियसचीही पोलोनिया झाली होती. ओफिलियाला बाप नव्हता, आई होती. एका पात्राचे लिंग हलले की शेजारची नातीही हलू लागतात, ती अशी.

आता गंमत पाहा. इंग्रज नटीला या दोन मार्गांतून निवड करताना संहितेतला स्वतःचा एकही 'मी' बदलावा लागत नाही. त्या भाषेतील 'मी' ना बाई ना पुरुष. आमच्या मराठीत मात्र माणूस 'मी' म्हणून तोंड उघडतो आणि क्रियापदापाशी पोचताच उघडा पडतो. मी जातो, मी जाते. मी थांबलो, मी थांबले. पोशाख, चालणे, आवाज या साऱ्यांनी सांभाळलेले सोंग एका इकाराने किंवा एकाराने फुटावे, अशी ही भाषा आहे. १९७९ साली मला तिनेच फोडले होते.

याच भाषेने उलटा प्रकार मात्र किती सहज पचवला! १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तेव्हापासून पुढे कितीतरी दशके मराठी प्रेक्षकांनी पुरुषाच्या मुखातून 'मी जाते' ऐकले आणि डोळे पुसले. बालगंधर्वांची सुभद्रा, रुक्मिणी, सिंधू यांच्या क्रियापदांना कोणी हसले नाही. उलट कुलीन घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, केसांत त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या, त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करीत. मोगूबाई कुर्डीकर मुलगी असताना अशाच एका मंडळीत होत्या. परंतु त्या मंडळ्यांचा इतिहास आपण तळटीपेत ठेवला, आणि बालगंधर्वांना मखरात. पुरुषाने बाई होणे ही कला ठरली. बाईने पुरुष होणे ही मात्र अडचण, नाहीतर गंमत ठरली.

मी बहिणीला नील्सनचा मार्ग सुचवला. राजकन्या करू, क्रियापदे तुझीच राहतील, कोणी हसणार नाही. तिने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "दादा, मला हॅम्लेटला बदलायचं नाही. मला हॅम्लेट बोलायचाय." आणि पेन्सिल घेऊन ती वही तपासायला बसली. प्रत्येक 'मी' पाशी थांबून ती क्रियापदाखाली रेघ ओढी.

तिसऱ्या दिवशी तिने मला जे दाखवले, ते मराठीत इतकी वर्षे लिहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्या रंगावृत्तीत हॅम्लेट जिथे जिथे शपथ वाहतो तिथे भविष्यकाळ होता: मी शोधीन, मी सूड घेईन. या रूपांना लिंग नाही. ते सुप्रसिद्ध स्वगत जवळजवळ सगळे विध्यर्थात उतरले होते: सोसावे, झगडावे, झोपी जावे. तिथेही लिंग नाही. पडद्याआडच्या पोलोनियसला मारल्यावर तो म्हणतो, मी मारले. क्रियापद मारलेल्याकडे पाहते, मारणाऱ्याकडे नाही. म्हणून तिथेही नाही. मग रेघा कुठे होत्या? मी थांबतो, मी घाबरतो, मी रडलो, मी एकटा उरलो. पणाच्या आणि पराक्रमाच्या जागी व्याकरणाला पुरुषाची गरज पडत नव्हती. जिथे माणूस नुसता असतो, थांबतो, कोसळतो, तिथेच ते विचारीत होते, तू कोण? बहिणीने वही मिटली आणि म्हणाली, "एवढीच वाक्यं जपायची आहेत. बाकी सगळं मोकळंच आहे."

आगरकरांनी हे नाटक 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले ते १८८३ साली. त्या भाषांतराचे काम त्यांनी डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांत केले होते. पुढे गणपतराव जोशींनी ती भूमिका अशी गाजवली की मराठी माणसाच्या मनात हॅम्लेट म्हणजे भरदार पुरुषी वाणी, हे समीकरण पक्के झाले. आमच्या शिंप्याने बहिणीसाठी काळे जाकीट शिवून आणले, तेव्हा मला आठवले की स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असेही आगरकरांनीच लिहून ठेवले आहे. इतक्या लांबून त्यांची दोन कामे एका अंगावर आलेली पाहून त्यांना काय वाटले असते, कोण जाणे.

तालमींचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. ती पुरुषासारखे चालू पाहत होती, आवाज खाली ओढत होती; परिणाम शिमग्याच्या सोंगासारखा होई. आठवड्याभरात घसा बसला. डॉक्टरांनी चार दिवस मौन सांगितले. त्या चार दिवसांत ती रोज तालमीला येऊन नुसती आपल्या जागांवरून फिरत असे. बोलणे नसल्यामुळे चालणेही हळूहळू तिचे स्वतःचे झाले. पाचव्या दिवशी ती आपल्याच आवाजात, प्राथमिक शाळेत ३० वर्षे मुलांना पाढे शिकवलेल्या आवाजात बोलू लागली, आणि नाटक उभे राहिले. रंगभूषाकाराने टोप आणि बारीक मिशी आणली होती. तिने दोन्ही परत केली. पिकलेले केस मागे घट्ट बांधले, बस्स. लेअर्टिस झालेला मुलगा बँकेत नोकरीला आहे. तलवारयुद्धात तो प्रत्येक वाराआधी "सॉरी, मावशी" म्हणे. ती सवय मोडायला आठ दिवस लागले.

सर्वांत अवघड गेला तो हॅम्लेट ओफिलियाला कॉन्व्हेंटात जाण्यास बजावतो तो प्रवेश. स्त्रीजातीविषयीचे ते विषारी बोल एका स्त्रीने एका मुलीला कसे सुनवावेत? पुढच्या रांगेत गावच्या सिस्टर्स बसणार, ही काळजी मंडळाला निराळीच होती. मी प्रवेश कापण्याची तयारी दाखवली. बहीण नको म्हणाली. "हे सगळं मी ऐकलेलं आहे, दादा. मला कुणी सांगितलं नाही का, लग्न करायचं नसेल तर कॉन्व्हेंटात जा म्हणून?" तिने ती वाक्ये ओरडून म्हटली नाहीत. कोणीतरी कधीतरी ओट्यावर बसून, सुपारी कातरताना सहज बोलावे तशी म्हटली. ओफिलिया झालेली महाविद्यालयातील मुलगी तालमीत खरोखरच रडली.

आणि मग पित्याचे भूत. ती भूमिका माझ्याकडे होती. शेक्सपिअर स्वतः हेच काम करीत असे अशी परंपरा आहे, तेव्हा मला त्यात कमीपणा नव्हता. पुठ्ठ्याचे चिलखत घालून मी राजाला शोभेल अशा संथ, भारदस्त पावलांनी आलो. बहिणीने तालीम थांबवली.

"दादा, बाबा असे चालत नव्हते."

मी म्हणालो, "हे डेन्मार्कच्या राजाचं भूत आहे. आपल्या बाबांचं नाही."

"ते मला माहीत आहे. पण मी बघायचं कोणाकडे?"

तिने मला चालून दाखवले. डावा पाय किंचित फरपटत, डावा हात पोटाशी धरून, दर चार पावलांवर थांबून. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तो १९८२ साली. मी त्याआधीच बहरीनला गेलो होतो. बारा वर्षे त्यांना तिने सांभाळले. मी दोन वर्षांनी एकदा येई, तेव्हा ते माझ्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले असत. ते चालतात कसे, हे मी कधी पाहिलेच नव्हते. १९९४ साली ते गेले. विमानाचे तिकीट मिळून मी घरी पोचलो, तोवर दफन होऊन दोन दिवस झाले होते. दंडावर काळी फीत बांधून मी ओटीवर बसलो. सारा गाव आला. प्रत्येकाने माझा हात हातात घेतला, माझ्या खांद्यावर थोपटले, "बाप गेला रे तुझा" म्हणून माझे सांत्वन केले. बहीण आतून चहाचे पेले आणून देत होती. तिचा हात कोणी हातात घेतल्याचे मला आठवत नाही. मीही घेतला नव्हता.

हॅम्लेटचे नाटक सुरू होते तेव्हा दरबारात एकाच माणसाच्या अंगावर काळे कपडे असतात. बाकी सर्वांचे सुतक संपलेले असते. हा प्रवेश मी १९७९ पासून कितीदा वाचला असेन. त्या काळ्या कपड्यांत मुलगी का असू नये, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि आता तालमीच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या चिलखतात, डावा पाय फरपटायला शिकताना तो पडून उपयोग नव्हता.

प्रयोगाच्या रात्री मांडव भरला होता. पहिल्या प्रवेशात ती म्हणाली, "मी थांबतो", तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. दुसऱ्यांदा त्याहून कमी. भुताच्या प्रवेशापर्यंत कोणी हसत नव्हते. मी डावा पाय ओढीत आलो, माझी वाक्ये म्हटली, आणि अंधारात मागे सरकलो. तिथे दोन प्रवेश जोडण्यासाठी मूळ नाटकात नसलेले एक वाक्य मीच घातलेले होते: "तुम्ही गेलात, आणि मी मागे उरलो." तिच्या पेन्सिलीच्या रेघा असलेल्या वाक्यांपैकी ते एक. महिनाभर एकदाही ती तिथे चुकली नव्हती. मी विंगेत पोचलो होतो, चिलखताची नाडी सोडीत होतो, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"तुम्ही गेलात, आणि मी मागे उरले."

मांडवात कोणीही हसले नाही. विंगेतील प्रॉम्प्टर मुलीने वहीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तिला खुणेने सांगितले, पुढचे पान. पुढचे सारे नाटक बहिणीने 'जातो, येतो, थांबतो' असेच केले, तसूभरही न ढळता.

ती चूक होती की नव्हती, हे मी तिला विचारलेले नाही. पडदा पडल्यावर लोक तिला भेटायला आत आले, तेव्हा ती जाकिटाची बटणे सोडीत तलवारी मोजत होती. भाड्याने चार आणल्या होत्या आणि तीनच सापडत होत्या. सकाळी परत करायच्या होत्या. भेटायला आलेल्यांपैकी एका वृद्ध बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी बॅटरी घेऊन रंगमंचाच्या फळ्यांखाली चौथी तलवार शोधायला गेलो.